चाकाचा कर, बांधाचा हक्क

पाऊस लागला की सुरतच्या भेस्तान, उधना, पांडेसरा भागातल्या आपल्या खानदेशी पोरांच्या मोटारसायकली डांग जिल्ह्याच्या वाटेला लागतात. वघई, गिरा धबधबा, सापुतारा, डॉन. डांबरी रस्त्यावर त्यांची कुणाला अडचण नाही. पण हल्ली जाड नक्षीच्या टायरच्या गाड्या मुद्दाम डांबर सोडतात. पावसात भाताच्या खाचराचा बांध मऊ झालेला असतो. त्यावरून चाक गेलं की वीतभर खाच पडते, पाणी त्या खाचेतून वाट काढतं आणि सकाळपर्यंत खाचर कोरडं पडतं. आवणीला चारच दिवस झालेले असतात. गाडीवाला तोवर घरी पोचून जेवलेलाही असतो.

त्याने कर बुडवलेला नसतो. गाडी घेतानाच आरटीओत एकरकमी कर भरलेला असतो. मात्र तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, बांधाच्या मालकापर्यंत त्यातलं काहीच येत नाही.

वाहनकर कशासाठी, याचं उत्तर आपल्या न्यायालयांनी दिलेलं आहे. बोलानी ओअर्स या खाण कंपनीच्या खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खाणीच्या आवारातच फिरणाऱ्या डंपरवर हा कर लागत नाही, कारण तो सार्वजनिक रस्ता वापरल्याची भरपाई आहे. ऑगस्ट 2025मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या वाहनांबाबतही न्यायालयाने हेच सांगितलं. रस्ता न वापरणाऱ्याला करमाफी, हे न्याय्यच आहे. मग रस्ता सोडून दुसऱ्याची जमीन वापरणाऱ्याने त्या जमिनीची भरपाई करावी, हेही तितकंच न्याय्य.

अमेरिकेत ही व्यवस्था जुनी आहे. कॅलिफोर्नियाने 1971च्या कायद्याने रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. ते शुल्क आणि इंधनकराचा काही वाटा अशा गाड्यांच्या वाटा राखण्यासाठी, झिजलेली जमीन सावरण्यासाठी वापरतात. न्यू हॅम्पशायरमध्ये बऱ्याच वाटा खासगी जमिनीतून जातात. तिथे नोंदणी शुल्कातून क्लबांना वाटदुरुस्तीसाठी अनुदान मिळतं, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय चारचाकी एटीव्ही त्याच्या जमिनीत नेता येत नाही.

पण एवढ्या लांब कशाला? वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 साली खास कर बसवले गेले. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यातलाच, आणि मोटार वाहनांवरचा जादा करही त्यातलाच. जमा रकमेइतकीच भर सरकारने घालायची होती. शहरातल्या गाडीवाल्याचा पैसा दुष्काळी शिवारात पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते होऊन उतरला. हे आपण करून दाखवलेलं आहे! कास पठारावरही प्रवेश शुल्क आसपासच्या गावांच्या समितीमार्फत घेतलं जातं, त्यातून राखण आणि सफाई होते, गावातल्या हातांना काम मिळतं.

डांगमध्येही हे जमण्यासारखं आहे. रस्ता सोडून जाणाऱ्या गाडीला पावसाळी पास असावा आणि पैसा थेट ग्रामसभेकडे जावा. त्यावर पहिला हक्क फुटलेल्या बांधाचा. शुल्क घेतल्याने गाव विकलं जाईल, ही भीती मला खरी वाटते. म्हणूनच पास म्हणजे परवानगी नव्हे, हे नियमात आधी लिहावं लागेल. नागलीच्या शेतात गाडी नको, असं शेतकरी म्हणाला की तिथे विषय संपला. आणि परवानगी देऊन पुढे गाडीवाला पडला-झडला, तर दावा शेतकऱ्यावर येता कामा नये.

कायदा व्हायला वर्षं लागतील. तोवर उधना-भेस्तानच्या मराठी मंडळांनी आपल्या पोरांना एवढं तरी सांगावं : येत्या पावसात गाडी डांबरावरून खाली उतरवण्याआधी गावच्या सरपंचाला भेटा, वाट विचारा, आणि बांध मोडला तर फावडं हातात घेऊन तो बांधून द्या.