पाळणाघर कोणाच्या हिशेबात?

नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांची दिवसा सोय लावणे हे मालकाचेही काम आहे, ही कल्पना भारतात सुमारे शंभर वर्षांची आहे. विरोध तिला पहिल्यापासून झाला, पण तिचे खरे नुकसान केले ते कौतुकाने. ऑक्टोबर २०१८ मध्ये झाशीच्या कोतवालीतल्या एका महिला शिपायाचा ड्युटीवरचा फोटो देशभर फिरला. सहा महिन्यांची मुलगी टेबलावर झोपलेली आणि आई शेजारी कागदपत्रांत मान घालून बसलेली. वरिष्ठांनी रोख बक्षीस जाहीर केले. उत्तर प्रदेशचे तेव्हाचे पोलीस महासंचालक ओ. पी. सिंह यांनी तिची बदली आग्र्याला, घराजवळ केली आणि प्रत्येक पोलीस लाइनमध्ये पाळणाघर काढता येईल का ते पाहू, असेही म्हटले. बक्षीस आणि बदली एका बाईपुरती होती. पुढच्या बाईच्या उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच, पाळणाघर, आणि तीच तेवढी विचाराधीन.

शहर झाशी असल्यावर पाठीशी मूल बांधलेल्या राणीची आठवण निघणारच. आठ मार्चच्या भाषणांत तर हे चित्र हमखास येते आणि नोकरदार आईला शाबासकी म्हणून दिले जाते. त्या मुलाचा, दामोदररावाचा, जन्म १८४९ चा. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेले शहर राणीने सोडले, तेव्हा तो आठ वर्षे पूर्ण झालेला मुलगा होता; पुतळ्यांत दिसते तसे तान्हे बाळ नव्हे. पण तपशील सोडला तरी मूळ घोटाळा राहतोच. पडत्या किल्ल्यातून निसटताना केलेली गोष्ट रोजच्या आठ-बारा तासांच्या नोकरीची रीत म्हणून मिरवायची, म्हणजे सोय न करणाऱ्या मालकाला आयते अभय देणे होय.

कल्पनेची सुरुवात कौतुकातून झाली नव्हती, अफूतून झाली होती. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीळिंगच्या खात्यांत बायका काम करत. पहाटे चाळीतून निघताना तान्ह्याला कुणाच्या तरी हवाली करावे लागे, बहुधा सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या, आणि मूल दिवसभर शांत राहावे म्हणून त्याला 'बाळगोळी' दिली जाई. तिच्यात अफू असे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉक्टर बार्न्स यांनी ही चाल जवळजवळ सर्वत्र असल्याचे नोंदवले. कामगारांविषयीच्या व्हिटली कमिशननेही १९३१ च्या अहवालात तिची दखल घेतली. पाळणाघर तेव्हा मागितले गेले ते मुलाचा जीव वाचावा म्हणून. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. मुभा, सक्ती नव्हे.

त्याच्या आधी प्रसूतीच्या भत्त्याचा वाद लढला गेला होता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांतात मात्र १९२९ मध्ये कायदा झाला. त्यावरच्या चर्चेत, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात जे भाषण केले ते आज 'बाबासाहेबांनी स्त्रियांना बाळंतपणाची रजा मिळवून दिली' एवढ्या एका वाक्यात संपवले जाते. भाषणाचा कणा वेगळाच आहे. प्रश्न खर्च कोणी सोसायचा हा होता. लोकांचे आरोग्य जपणे हे सरकारचे काम, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. पण बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाला त्यातून पूर्ण सोडणेही त्यांना पटत नव्हते. कायदा झाला तेव्हा भार एकट्या मालकावर पडला, आणि तोही त्याने ठेवलेल्या बायकांच्या संख्येप्रमाणे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक स्त्री असे. पुढे हे प्रमाण घसरतच गेले. त्याचे सगळे खापर या कायद्यावर फोडता येत नाही. यंत्रांची फेररचना आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी ही कारणे तितकीच मोठी होती. तरी बाई ठेवली की खर्च वाढतो, हे गणित मालकाच्या वहीत याच काळात पक्के झाले.

१९४८ या एका वर्षात देशाने दोन कायदे केले आणि त्या दोघांनी हे गणित दोन उलट रीतींनी मांडले. कर्मचारी राज्य विमा कायद्यात प्रसूतीचा भत्ता एका सामायिक निधीतून देण्याची सोय झाली. वर्गणी पगाराप्रमाणे, पुरुषाची असो वा स्त्रीची. कारखान्यात दहा बायका असोत की एकही नसो, मालकाची वर्गणी त्यामुळे बदलत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ च्या मातृत्व संरक्षण करारात हेच तत्त्व स्पष्ट लिहिले: बाळंतपणाच्या लाभाचा खर्च एकट्या मालकावर टाकू नये. म्हणजे याबाबतीत भारत चार वर्षे पुढे होता. पण १९४८ च्याच फॅक्टरी कायद्याचे ४८ वे कलम पाळणाघर मागत होते ते बायका मोजून. आधी पन्नासांहून अधिक स्त्रिया ही अट होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आणली. उदार वाटणारी ही दुरुस्ती मालकाला एवढेच सांगत होती की आता तिसाव्या बाईवर थांब. जिथे हजारो पुरुष आणि मोजक्या बायका, अशा रेल्वेच्या आणि अवजड यंत्रांच्या कारखान्यांवर या कलमाचा कधी भार पडला नाही. त्या हजारो पुरुषांना मुले असतात, हे कलमाला ठाऊकच नव्हते.

नंतरच्या पन्नास वर्षांत हेच माप ठिकठिकाणी लागले. चहामळे १९५१, विडी कारखाने १९६६, कंत्राटी कामगार १९७०, बांधकाम १९९६: आकडे बदलले, मोजायच्या त्या बायकाच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने विमा योजनेबाहेरच्या स्त्रियांचा भत्ता पुन्हा एकेका मालकाच्या खिशावर टाकला आणि १९४८ मध्ये मिळवलेले निम्मे घालवले. वाखाणण्यासारखे जे झाले ते कायद्याबाहेर: मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेले मोबाइल क्रेश. इमारत उठली की पाळणाघरही पुढच्या कामावर जाई.

वेगळी मोजणी पहिल्यांदा ठळकपणे आली ती मातीकामावर. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने कामावर पाळणाघराची सोय धरली होतीच. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने तिला नेमका आकडा दिला: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. झाशीसारख्या बुंदेलखंडातल्या दुष्काळी जिल्ह्यात तळ्याच्या खोदाईवर हा नियम कितपत पाळला गेला हा वेगळा विषय. सावलीला चादर टाकून बसलेल्या बाईला मस्टरवर घेताना कुरकुर होते, कारण ती 'खोदत नाही'. पण कागदावर तरी इथे बायका नव्हे, मुले मोजली गेली.

आता २०१७ ची दुरुस्ती. मातृत्व लाभ कायद्यातला हा बदल 'बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली' एवढाच लोकांच्या लक्षात आहे. स्वागत करणाऱ्यांनी रजेचे स्वागत केले. टीका करणाऱ्यांनीही, आता बायकांना नोकरीवर कोण घेणार, असे रजेकडेच बोट दाखवून विचारले. १ जुलै २०१७ पासून लागू झालेले ११-क हे कलम दोघांनीही जोडपत्रासारखे वाचले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असे त्या कलमाने सांगितले. कर्मचारी, स्त्रिया नव्हेत. पन्नासच्या पन्नास पुरुष असले तरी जबाबदारी येतेच. एकावन्नावी बाई आली म्हणून ती वाढत नाही आणि बाई टाळली म्हणून ती टळत नाही. बाई ठेवण्याची किंमत पाळणाघराच्या हिशेबातून पहिल्यांदा पुसली गेली ती इथे.

विचित्र गोष्ट अशी की १९४८ चे चित्र २०१७ मध्ये बरोबर उलटे झाले. तेव्हा भत्ता सामायिक आणि पाळणाघर बाईमागे होते. आता पाळणाघर सर्वांमागे आणि विमा योजनेबाहेर सव्वीस आठवड्यांचा पगार बाईमागे, एकट्या मालकाकडून. वाढीव रजेतल्या सात आठवड्यांचा पगार सरकार भरून देईल अशी घोषणा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, पण कायद्याच्या मजकुरात ती आली नाही. त्यामुळे 'या दुरुस्तीने बायकांच्या नोकऱ्या जातील' हे म्हणणे रजेपुरते खरे आणि पाळणाघरापुरते साफ चूक आहे. एकाच कायद्यातल्या दोन उलट्या तरतुदी एकाच तराजूत तोलल्या गेल्या, आणि ज्या मालकांना दोन्ही नको होत्या त्यांचे त्यात फावले.

या दोन तरतुदी मुळात एकमेकींना जोडलेल्या आहेत. रजा साधारण मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत पुरते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाची नोव्हेंबर २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे पाळणाघर धरतात ते सहा महिने ते सहा वर्षे या वयासाठी. कोतवालीच्या टेबलावरचे मूल नेमक्या याच सांध्यावर होते. उत्तर प्रदेशात सरकारी नोकरीतली प्रसूती रजा १८० दिवसांची. पोलीस ठाणे ११-क च्या आस्थापनेत सरळ बसत नाही. तिथे सेवानियम चालतात, आणि सेवानियमांचे उत्तर पुन्हा रजाच असते: बालसंगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवस, तेही वरिष्ठाने मंजूर केले तर. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये १८० दिवसांची अशी रजा आणली. पुरुषाला ती मिळते ती पत्नी नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तर. रजा बाईला कामापासून दूर नेते, पाळणाघर तिला कामावर ठेवते. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

मालकांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. खोली केली, बाई नेमली, मुले येत नाहीत. मुंबईत विरार-चर्चगेट लोकलच्या गर्दीतून वर्षाचे मूल कोण आणणार? त्याचे उत्तर कलमातच आहे: अनेक आस्थापनांना मिळून एक सामायिक पाळणाघर चालवता येते. औद्योगिक वसाहतीत वीस लहान कारखान्यांनी मिळून ते चालवणे हे प्रत्येकाने रिकामी खोली राखण्यापेक्षा स्वस्त पडते. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे निघत आहेत, तीही याच दिशेची. पण सरकार करते आहे म्हणून मालक सुटला, असा अर्थ काढणे चुकीचे.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने पन्नास कर्मचाऱ्यांची ही मोजणी कायम ठेवली आहे. जुनी एक ओळही तिने तशीच उचलली: दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा आईला. बापाला नाही. खर्च सर्वांच्या संख्येवर आणि मुलाला भेटायचे फक्त आईने, ही अर्धवट सुधारणा आहे. तरीही पाळणाघरात येणारे मूल स्त्री कर्मचाऱ्याचेच असावे अशी अट ११-क मध्ये कधी नव्हती, आणि २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे हंगामी व कंत्राटी माणसांसह सर्व कर्मचाऱ्यांची मुले धरतात. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बापांनी पाळणाघरासाठी लेखी अर्ज द्यावेत. आजवर हे अर्ज आयांनीच केले आहेत.