शत्रूचे मूल

शत्रूच्या मुलाला भाकरी देणे हे औदार्य की कर्तव्य, असा प्रश्न युद्ध चालू असताना सहसा कोणी विचारीत नाही. युद्ध संपले की तो टाळता येत नाही. १९४५ साली ब्रिटनमध्ये तो उभा राहिला, आणि तो मांडणाऱ्यांत पार्लमेंटच्या सभासद एलिनॉर रॅथबोन होत्या, हे आम्हांला लक्षणीय वाटते.

रॅथबोनबाईंना नात्सींविषयी भाबडी कणव असणे शक्यच नव्हते. १९२९ साली इंग्लिश विद्यापीठांच्या संयुक्त मतदारसंघातून अपक्ष म्हणून त्या निवडून आल्या. हिटलरपुढे नमते घेण्याच्या धोरणाला त्यांनी कडवा विरोध केला आणि ज्यू निर्वासितांसाठी मंत्र्यांचा पिच्छा पुरवला. तरीही विजयानंतर, स्वतः ज्यू असलेल्या व्हिक्टर गोलान्झ यांच्या 'सेव्ह युरोप नाऊ' या चळवळीला त्यांनी साथ दिली. आमच्या शिध्यातला काही वाटा तिकडच्या उपाशी लोकांना द्या, अशी पोस्टकार्डे नागरिकांनी पाठवावीत, एवढेच आवाहन होते. हजारो पत्रे आली.

येथे सुडाची भाषा बोलणाऱ्यांना उत्तर देणे सोपे आहे. अवघड आक्षेप निराळाच: आपल्या दारची आई रांगेत उभी असताना परक्याच्या मुलाची चिंता कशाला? आमच्या मते याचे उत्तर बाईंच्या जुन्या कार्यातच सापडते. १९२४ च्या 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' या ग्रंथात त्यांनी प्रतिपादले होते की, मुलाचे पोषण बापाच्या पगारावर अवलंबून नसावे. १९४५ च्या कायद्याने दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागणार होते. मूळ मसुद्यात ती रक्कम बापाच्या हाती जाणार होती. बाईंनी हट्टाने ती आईच्या नावे करवून घेतली. आता, बापाच्या पगारासाठी ज्या मुलाला दंड करू नये, त्याला बापाच्या झेंड्यासाठी तरी कसा करावा? एक तत्त्व मानले की दुसरे नाकारता येत नाही.

मात्र हिंदुस्थानच्या बाबतीत याच बाईंचा सूर आम्हांला खटकतो. बालविवाहाविरुद्ध त्यांनी लिहिले ते कळकळीने, पण पालकत्वाचा तो आव येथील सुशिक्षित स्त्रियांना रुचला नाही. १९४१ मध्ये त्यांनी भारतीय नेत्यांना लिहिलेल्या अनावृत पत्राला रवींद्रनाथांनी आजारपणातूनही खरमरीत उत्तर दिले. जर्मन मुलासाठी त्यांनी फक्त अन्न मागितले, उपदेश जोडला नाही. या दोहोंतला फरक आम्हांला त्यांच्या सद्हेतूपेक्षाही अधिक विचार करायला लावतो.

२ जानेवारी १९४६ रोजी त्या निवर्तल्या. जुलैमध्ये, युद्धकाळातही मुक्त असलेला पाव ब्रिटनमध्ये रेशनवर आला. ऑगस्टमध्ये मातांना पहिले भत्ते मिळाले. आणि आपल्या शिध्यातून जर्मनीला खाजगी पार्सले धाडण्याची मुभा ब्रिटिश नागरिकांना मिळाली ती त्या वर्षाच्या अखेरीस.