चढ आणि ओहोटी

हातखंब्याच्या तिठ्यावरून एक रस्ता रत्नागिरीकडे, समुद्राच्या दिशेने उतरत जातो. पहाटे धावायला निघणाऱ्याने ध्यानात ठेवावं, जातानाचा उतार परतताना चढ होतो. म्हणून दम आधीपासूनच राखावा. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, पाऊल रुतत नाही. पण ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. समुद्र आपल्या सोयीने मागे हटत नाही; आपणच त्याची वेळ पाहून निघायचं. त्याच परिसरातल्या आरे-वारेच्या चढावर पावलं आखूड करावी लागतात. त्यात कमीपणा नाही, शहाणपण आहे. आज कामाला लागताना आपणही वेग ठरवण्याआधी वाट ओळखूया.