हाताला चव, हाताला हिशोब

मागच्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा माझ्या बॅगेत लोकरीचे तीन गुंडे आणि क्रोशाची एक सुई होती. पुण्यात आठ-नऊ तास स्क्रीनसमोर बसून डोकं इतकं बधिर व्हायला लागलं होतं, की एका मित्राने सांगितलं, हाताने काहीतरी कर. काहीही. मग क्रोशाचं किट मागवलं, यूट्यूबवर बघून एक वाकडातिकडा चौकोन विणला आणि खरंच बरं वाटलं. रविवारी स्वयंपाक करायला लागलो, त्याचे रील टाकायला लागलो. ‘पोरगा असून किती छान करतोस,’ अशा कमेंट्स आल्या. त्याही आवडल्या, खोटं कशाला बोलू.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. नवेगावबांध ऐकलं असेल, त्याच बाजूचं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात. बांध्यांमध्ये धान कापणीला आलेलं असतं आणि उभ्या धानाच्या ओलीवरच लाखोळी फेकलेली असते. धान कापून झालं की खालून तिची हिरवी पोरं डोकं वर काढतात. असल्या दिवसांत मी घरी पोचलो आणि मोठ्या आईला म्हणालो, ‘मला आयते शिकव.’

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे. कृती एका वाक्यात सांगता येते: पीठ, पाणी, मीठ, तापलेला तवा. पण पहिला आयता तव्याला चिकटला. दुसरा जाड झाला. तिसऱ्याला जाळीच पडली नाही. ती बाजूला बसून बघत होती. चौथ्या वेळी म्हणाली, ‘पीठ पाहू नको, आवाज आयक.’ मी ऐकलं. तवा नीट तापलेला असला की पीठ पडताना एक वेगळाच चर्र आवाज येतो. पाचवा आयता जमला. मी ओरडलोच. फोन काढला, फोटो घेतला. ती म्हणाली, ‘झालं? आता भांडे कोन घासते?’

दुपारी ती ओसरीत सूप मांडीवर घेऊन बसली. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा, कात्री, दोरा. मोठी आई तीस वर्षांहून जास्त काळ बिड्या वळते आहे. मी ते लहानपणापासून बघत आलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. फर्मा पानावर ठेवून कात्री फिरते. कापलेल्या पानात चिमूटभर तंबाखू पडतो, दोन्ही हातांच्या बोटांत पान गोल फिरतं, तोंड दुमडलं जातं, दोऱ्याचा फेरा बसतो. बीडी तयार. ती बोलत होती माझ्याशी, बघत होती रस्त्याकडे. हात आपले चालूच. पान किती ओलं आहे, कुठे फाटेल, शिर कुठून जाते, हे सगळं बोटांना कळत होतं. माझ्या क्रोशापेक्षा शंभर पटीने अवघड, शंभर पटीने देखणं काम.

मी म्हणालो, ‘मोठी आई, हेही शिकव ना. रील करू.’

ती थांबली. हात पहिल्यांदाच थांबले. म्हणाली, ‘हे शिकू नको.’

‘का?’

‘सांगतलं ना, नको.’

आयते तिने प्रेमाने शिकवले. बीडी शिकवायला साफ नकार दिला. दोन्ही हातानेच होतात. दोन्ही तिला तिच्या सासूने शिकवलं. दोन्हींत तिचा हात गावात नावाजलेला. मग एक काम पुढे द्यावंसं वाटतं आणि दुसरं आपल्यापाशीच संपवावंसं वाटतं, असं का? पुण्याला परत आलो तरी हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पहिलं उत्तर सोपं आहे: बीडी वाईट. ओढणाऱ्याला वाईट, वळणाऱ्यालाही वाईट. तंबाखूची भुकटी दिवसभर नाकात जाते, मोठ्या आईचा खोकला आमच्या घरात घड्याळासारखा वाजतो. हे खरंच आहे. पण एवढ्याने माझा प्रश्न सुटत नाही. समजा ती बिड्यांच्या जागी अगदी निरुपद्रवी काहीतरी वळत असती, दर हजारी तेवढ्याच पैशांत. तर तिने मला ते हौसेने शिकवलं असतं का? मला नाही वाटत.

दुसरं उत्तर शोधताना हाना आरेंट आठवली. ‘द ह्यूमन कंडिशन’ या 1958 सालच्या पुस्तकात तिने श्रम आणि निर्मिती यांत फरक केला आहे. श्रम म्हणजे जे केलं की लगेच खपून जातं, उद्या पुन्हा करावं लागतं: स्वयंपाक, झाडलोट. निर्मिती म्हणजे जी मागे वस्तू ठेवते, टिकते: टेबल, घर, मूर्ती. वाचताना पटतं. पण आमच्या ओसरीत बसलं की हे गणित चुकतं. आयता दोन मिनिटांत पोटात जातो, बीडी पाच मिनिटांत धूर होते. टिकत काहीच नाही. तरी मोठ्या आईच्या लेखी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणजे फरक टिकण्या-न टिकण्याचा नाही. दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

तो कशाचा, हे मला एका शब्दाने दाखवलं. छाट. बिड्या घेऊन ठेकेदाराकडे गेलं की तो पंचवीस-पंचवीसचे कट्टे उलटेपालटे करून बघतो आणि त्याला नापसंत पडलेल्या बिड्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. बीडी कामगारांसाठी 1966 साली केंद्राने कायदा केला, त्यात नाकारलेल्या बिड्यांवरून होणारा वाद कुणी सोडवायचा याचीही तरतूद करावी लागली. इतका हा वाद जुना आणि रोजचा. आता बघा, पान त्यांचं, तंबाखू त्यांचा, माप त्यांच्या फर्म्याचं, भाव हजारावर आणि चांगलं-वाईट ठरवणारा डोळाही त्यांचा. मोठ्या आईचा स्वतःचा असा फक्त हात. एवढा हुशार हात, पण त्याला मत नाही. तिने एखादी बीडी जरा वेगळी वळली, तर ती कल्पकता ठरत नाही. छाट ठरते.

आयत्यात मात्र हाताला मत आहे. आज पीठ जरा आंबट झालं, तर त्यात काय घालायचं ते ती ठरवते. पाहुणे आले की पातळ करते, आम्ही पोरं असलो की जरा जाड. कुणी नावं ठेवली तर ती म्हणते, ‘मग तू टाक.’ ‘हाताला चव आहे’ असं आपण म्हणतो ना, त्याचा अर्थ मला वाटतं हाच. चव हातात कुठून येणार? पण ज्या हाताला ठरवायची मुभा असते, त्याचं काम ओळखू येतं.

इथे कुणी म्हणेल, सापडलं की उत्तर. स्वातंत्र्य असलं की कला, नसलं की कष्ट. थांबा, इतकं सोपं नाही.

मराठी बायकांनी पहाटे जात्यावर दळण दळलं, ते काही हौसेने नव्हे. दळलं नाही तर घरात भाकर नाही. पण त्याच जात्यावर त्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या अनेक आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही फोनवर ऐकता येतात. सक्तीच्या कामातून एवढी मोठी कविता आली. म्हणजे स्वातंत्र्य नसलं तरी सर्जन होतं? होतं. पण ते पिठात झालं नाही, गळ्यात झालं. हात बांधलेले होते, तेव्हा बाईने तोंडाला मोकळं केलं. आणि गिरणी आली तेव्हा ओव्यांसाठी जातं चालू ठेवायला कुणी बाई तयार झाली नाही. त्यांना दोष देता येईल का? मला तरी नाही देता येणार.

आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. मुलांना हस्तोद्योगातून शिकवायचं, ही नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकांचा पगार निघावा, असंही गांधीजींना वाटत होतं. यावर टीका झाली, की अशाने शाळेचा कारखाना होईल. भीती खरी होती. पण गांधीजींची एक अट मला महत्त्वाची वाटते: हस्तकला नुसती यांत्रिकपणे शिकवायची नाही, प्रत्येक क्रियेमागचं ‘का’ मुलाला कळलं पाहिजे. मोठ्या आईला तीस वर्षांत ‘किती’ सोडून काही विचारलं गेलं नाही. किती हजार? किती छाट? ‘का’ किंवा ‘कसं वाटतं’ हे विचारणारा पहिला मी, आणि मीही रीलसाठी.

आता माझ्याकडे येतो. कारण खरी अडचण तिथे आहे. मोठ्या आईला आयत्याचं पीठ ठरवता येतं, पण आज आयते करायचेच नाहीत, हे ठरवता येत नाही. मला येतं. कंटाळा आला की मी बाहेरून मागवतो. माझी प्रेरणा रविवारची आहे आणि तिला दार आहे. तिचा स्वयंपाक आठवड्याचे सातही दिवस आणि त्याला दार नाही. मला कमेंट्स मिळतात, तिला ‘मीठ कमी आहे’ असं ऐकू येतं. मग हाताने केलेल्या कामाचा आनंद हा ज्यांना ते काम टाळता येतं त्यांचाच चोचला आहे का?

काही दिवस मला असंच वाटत होतं. क्रोशाची सुई कपाटात टाकून दिली होती. पण मंडईच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट आठवत राहिली. माझी पुतणी, चार वर्षांची, मोठ्या आईच्या मागे लागली होती. मोठ्या आईने फडक्यातलं एक पान उचललं. तंबाखू न घालता गोल वळलं, एक टोक दाबून चपटं केलं आणि ओठांना लावून फुंकलं. पिपाणी वाजली. पोरगी खिदळली. मग दुसरी केली, जरा मोठी. तिचा आवाज जाड आला. तिसरी मुद्दाम वाकडी. तेच पान, तीच बोटं, तीच वळण्याची लकब. मोजणारं मात्र कुणी नव्हतं. मोठी आई स्वतःच हसत होती, बराच वेळ. त्या दिवशी चारेक पानांचं नुकसान झालं असेल. तिने त्याचा हिशोब केला नाही.

म्हणून मला आनंद खोटा वाटत नाही. तो चोचलाही नाही. माणसाच्या हाताला तो हवाच असतो, मोठ्या आईच्या हातालाही, कदाचित जास्तच. अन्याय आनंदात नाही, त्याच्या वाटणीत आहे. मला तो रोज परवडतो आणि तिला मंडईच्या दुसऱ्या दिवशी, चार पानांपुरता. त्यामुळे हाताने काही करताना मी आता स्वतःला दोन प्रश्न विचारतो. ह्या कामात हाताला मत आहे का? आणि माझ्या हौसेचा पसारा कोण आवरतं?

पहिल्या प्रश्नाने मी विकत घेताना बदललो. ‘हँडमेड’ लिहिलेलं दिसलं की लगेच हळवा होत नाही. कुणाच्या हाताने, कुणाच्या मापाने, नगावर की दिवसावर, हे विचारतो. दुकानदार वैतागतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात द्यावं लागतं. होळीला गावी गेलो तेव्हा सकाळचे आयते मी टाकले, सगळ्यांचे, आणि रील केलं नाही. तवा मीच घासला. तांदळाचं वाळलेलं पीठ तव्यावरून निघता निघत नाही, हेही तेव्हाच कळलं.

बीडी वळायला मी शिकलो नाही. माझी बहीण शिकली नाही, पुतणीही शिकणार नाही. मोठ्या आईबरोबर तिच्या बोटांतलं ते ज्ञान आमच्या घरातून जाईल. इतकं सुंदर काहीतरी संपणार, याचं मला वाईट वाटतं. आणि ते संपलंच पाहिजे, असंही वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तिच्या ‘नको’मुळे कळलं.

पिपाणी मात्र मी तिच्याकडून शिकून घेतली आहे. अजून नीट वाजत नाही.