शपथ, वारसा आणि सेनापती

यादवीच्या तोंडावर सेनापतीने कोणाशी इमान राखावे, या प्रश्नाने 1707 मध्ये धनाजी जाधवांची कसोटी पाहिली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगली कैदेतून सुटलेले संभाजीपुत्र शाहू मराठ्यांच्या गादीवर हक्क सांगत दक्षिणेत उतरले, तेव्हा संभाजींचे धाकटे बंधू राजाराम यांच्या विधवा आणि पुत्र दुसऱ्या शिवाजीच्या नावे राज्य चालवणाऱ्या ताराबाईंनी त्यांना तोतया, म्हणजे खोट्या नावाने वावरणारा ढोंगी, ठरवले आणि धनाजी व परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्यांच्यावर धाडले. ऑक्टोबरमध्ये भीमाकाठच्या खेडला गाठ पडली, तेव्हा शाहू खरे असल्याची खात्री पटलेले धनाजी त्यांना मिळाले. प्रतिनिधी मात्र लढले आणि हरले. हा पेच येथे पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडलेला आक्षेप, आणि उत्तरपक्ष, म्हणजे त्याचे समाधान, या शास्त्रचर्चेच्या रीतीने तपासला आहे.

पूर्वपक्ष : राजारामांच्या पश्चात सात वर्षे औरंगजेबाशी झुंजून जिने राज्य तगवले, तिची फौज घेऊन निघावे आणि ऐन रणात प्रतिपक्षाला मिळावे, ही नमकहरामी नव्हे काय?

उत्तरपक्ष : सेनापतिपद कोणा एकाच्या घरचे नसून छत्रपतींच्या गादीचे असते. राजारामांचे 1689 मध्ये रायगडावर मंचकारोहण, म्हणजे राज्यकारभार हाती घेण्यासाठी राजासनावर बसणे, झाले, तेव्हा थोरल्या पातीचा वारस, म्हणजे शाहू, अजून बालक होता. तोच वारस परतल्यावर त्याला तोतया समजून शस्त्र कसे उचलावे?

पूर्वपक्ष : शाहू खरे ठरले तरी ताराबाईंचा दुसरा मुद्दा उरतोच की, संभाजींचे राज्य मोगलांनी गिळले आणि राजारामांनी ते नव्याने उभे केले, म्हणून ते राजारामांच्या वंशाचे. हा वाद मिटवण्याचा अधिकार सेनापतीला कोणी दिला?

उत्तरपक्ष : कोणीच नाही; पण निवाड्यापासून त्याची सुटकाही नव्हती, कारण हुकूम पाळून लढणाऱ्या प्रतिनिधींनीही एका बाजूचा निवाडाच केला होता. धनाजींचा दोष शाहूंना निवडण्यात नसून, मन फिरल्यावरही ताराबाईंच्या फौजेची सूत्रे हाती ठेवण्यात आहे.

पूर्वपक्ष : सूत्रे परत केली असती, तर तीच फौज दुसऱ्याच्या हाताखाली चालून आली असती आणि भाऊबंदांचे रक्त अधिक सांडले असते.

उत्तरपक्ष : ही किंमत खरी आहे आणि ती हलकी लेखता येत नाही. तथापि सेनापतीच्या शब्दावर राजा आणि शिपाई दोघेही विसंबतात, आणि तो शब्द मैदानात फिरवणे एकदा पचले की प्रत्येक सरदाराला तो मार्ग मोकळा होतो. 1711 मध्ये शाहूंच्या पदरच्या बाळाजी विश्वनाथांशी बिनसताच धनाजींचे पुत्र, सेनापती चंद्रसेन, शाहूंना सोडून ताराबाईंकडे आणि पुढे निजामाकडे गेले. शाहूंची सातारा आणि राजारामांच्या वंशाची कोल्हापूर या दोन गाद्यांमधील तंटा मिटायला 1731 चा वारणेचा तह यावा लागला. म्हणून धनाजींचा कौल ग्राह्य धरला तरी त्यांची रीत ग्राह्य धरता येत नाही : विवेकाने निष्ठा बदलण्याचा अधिकार सेनापतीला आहे, परंतु जुन्या निष्ठेने मिळालेले सामर्थ्य नव्या निष्ठेच्या कामी लावण्याचा नाही.