गृहपाठ नेमका कोणाचा?

केंद्र सरकारच्या 2020च्या दप्तर धोरणात गृहपाठाचंही माप ठरवून दिलेलं आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असं मद्रास उच्च न्यायालयाने त्याआधीच, 2018 साली बजावलं होतं. कागदावर हे सगळं शहाणपणाचं आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे तासाभराचा अभ्यास तासाभरात होतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे सहाला काढलेल्या वहीत साडेआठला ताटं मांडेपर्यंत तिसरं गणित अर्धवट असतं. मधल्या वेळात पेन्सिलीला अनेकदा टोक काढून झालेलं असतं, पाणी पिऊन झालेलं असतं, खोडरबराचा चुरा झालेला असतो, आईचा घसा बसलेला असतो. आणि गंमत अशी की त्या मुलाला ते गणित येत असतं. तोंडी विचारा, उत्तर लगेच मिळतं.

मग अडतं कुठे? गृहपाठ म्हणजे काय काय करायचं असतं ते एकदा नीट पाहायला हवं. फळ्यावरचं डायरीत उतरवायचं, लागणारी वही बाकाखाली न विसरता घरी आणायची, संध्याकाळी आठवण ठेवायची, खेळ सोडून बसायचं, किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा, कंटाळा आला तरी रेटायचं, झालेली वही दप्तरात टाकायची, दुसऱ्या दिवशी बाईंनी मागितली की काढून द्यायची. एवढ्या लांबलचक कारभारात गणित एका पायरीपुरतं आहे. बाकीच्या सगळ्या पायऱ्या स्वतःला आवरण्याच्या आणि हाकण्याच्या आहेत, आणि या मुलांचं नेमकं तेच कच्चं असतं. रसेल बार्कले हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत. स्वनियमनाच्या बाबतीत ही मुलं आपल्या वयाच्या साधारण तीस टक्के मागे असतात, असा त्यांचा ठोकताळा आहे. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचं बाह्यावरण जाडीची कमाल पातळी गाठतं ते सर्वसाधारण मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमाराला, तर या मुलांत साडेदहाच्या सुमाराला, असं त्यात दिसलं. वाढीचा क्रम जवळपास तोच होता, ती फक्त उशिरा होत होती. म्हणजे चौथीतल्या मुलाकडून आपण जो कारभार मागतो आहोत, तो त्याच्या हाती यायला अजून अवकाश आहे. गणित करून, वही घरी विसरून शून्य मिळवणारी मुलं याच गटातली.

यावर हमखास येणारा आक्षेप मोबाइलचा. ‘गेम खेळताना तासन्‌तास हलत नाही, तेव्हा कसं लक्ष लागतं?’ आजोबा विचारतात, शेजारी विचारतात, शिक्षकही विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यातून निघतं त्याच्या उलटं. या मुलांकडे लक्ष असतं. ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं त्यांच्या हातात नसतं. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं. सातचा पाढा पाठ केल्याचं बक्षीस सहामाहीच्या निकालात मिळतं, आणि ‘सहामाही’ हा शब्द या मुलाच्या लेखी ‘पुढल्या जन्मी’ इतकाच दूर असतो. ‘मनात आणलं तर करतो’ हे वाक्य म्हणूनच घातक आहे, कारण त्यातून प्रत्येक अर्धवट वही हा मुलाचा हट्ट ठरतो.

औषध घेणाऱ्या मुलांच्या घरी आणखी एक पेच असतो. मेथिलफेनिडेटची साधी गोळी साधारण चार तास काम करते. दीर्घ परिणामाच्या गोळ्या मिळतात, पण सकाळी घेतलेल्या त्यांचाही असर संध्याकाळपर्यंत ओसरत जातो. शाळेला मिळतं ते औषधाच्या आधाराने बसलेलं मूल आणि आईला मिळतं ते औषध उतरलेलं. दिवसभर वर्गात स्वतःला आवरून ते थकलेलंही असतं. अशा वेळी पालकसभेत बाई म्हणतात, ‘वर्गात तर छान बसतो, घरीच तुम्ही लाडावताय.’ बाई खोटं बोलत नसतात. त्यांनी सहा वाजताचं मूल पाहिलेलं नसतं, इतकंच.

बापाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण हा विषय आपल्याकडे आईवर ढकलून मोकळं होण्याची पद्धत आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीचा आनुवंशिक वाटा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात येतो. ‘याचा बाप लहानपणी अस्साच होता,’ हे आजीचं वाक्य त्यामुळे पुष्कळदा निदानाच्या जवळपास जाणारं असतं. पोराच्या रेंगाळण्यावर घरात सर्वांत जास्त संतापणारा माणूस कधीकधी स्वतःच्या किल्ल्या रोज शोधणारा असतो.

घरापुरतं जे करता येतं ते फार मोठं नाही. गणितांची संख्या न धरता वेळ धरावा. ठरलेली वीस मिनिटं बसावं, झालं तेवढं झालं, खाली तसं लिहून सही करावी. आईबापांपैकी कुणी आपलं काम घेऊन शेजारी बसलं तर फरक पडतो, समोर बसून पहारा दिला तर पडत नाही. उत्तर तोंडी येत असेल तर ते दहादा लिहून घेण्यात अर्थ नाही. पण हे सगळं शाळेने मान्य केलं तरच चालतं, आणि मान्य करण्यात शाळेचं नुकसान जवळजवळ काही नाही. हॅरिस कूपर यांनी 2006 मध्ये गृहपाठावरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि संपादणूक यांचा संबंध फारच क्षीण आढळला. ज्याचा फायदा इतका अंधुक आहे, त्यासाठी रोजची संध्याकाळ रणांगण करणं हा वाईट व्यवहार आहे. आईचं आणि मुलाचं बोलणं ‘झालं का?’ आणि ‘करतोय ना!’ एवढ्यावर येऊन ठेपतं, तो तोटा कुठल्या प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

आता या चर्चेतली खरी अडचण. वीस मिनिटं शेजारी बसायला घरात मोकळं माणूस लागतं. समुपदेशक, बालमानसोपचारतज्ज्ञ, त्यांची फी, सुटीचा एक दिवस, एवढं लागतं तेव्हा कुठे निदान होतं. शाळेकडे सवलत मागायची, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. चार घरची धुणीभांडी करून आठला परतणाऱ्या बाईच्या मुलाला निदानाच्या आणि सवलतीच्या चिठ्ठ्या मिळत नाहीत. त्याला ‘वाया गेलेला’ म्हणतात, आणि शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी असली तरी घरी तो मार खातो.

म्हणून वाटतं, प्राथमिक शाळांनी सवलतींच्या याद्या करण्यापेक्षा शाळेचा शेवटचा अर्धा तास सरावाला द्यावा. वही तिथेच, बाई तिथेच, सुरुवात सगळ्या वर्गाची एकदम, आणि काम संपलं की वही तिथेच जमा. विसरण्याच्या बऱ्याचशा पायऱ्या त्यात आपोआप गळतात, आणि कुठल्याच मुलाला त्यासाठी डॉक्टरचा कागद आणावा लागत नाही. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, अशी हरकत येईल. येऊ द्यावी. इतकी वर्षं तो कोणाच्या स्वयंपाकघरात पुरा होत होता, हे त्या निमित्ताने शाळेलाच सांगावं लागेल.