पाऊस सर्वांचा, बांध कोणाचा?

सज्जन हो, आमच्या शास्त्रकारांनी शरद ऋतूला फार मान दिला आहे. आश्विन आणि कार्तिक हे त्याचे दोन महिने. ह्या ऋतूतल्या पाण्याला चरकाचार्य हंसोदक म्हणतात. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले असे ते पाणी. भागवताच्या दशमस्कंधातला विसावा अध्याय तर वर्षा आणि शरद ह्यांच्या वर्णनालाच वाहिलेला आहे. त्यात एक दृष्टांत शेतकऱ्याचा आहे. शेतकरी बांध मजबूत करून खाचरातले पाणी राखतो, त्याप्रमाणे योगी इंद्रियांच्या वाटेने पाझरून जाणारे ज्ञान आवरून धरतो, असा त्याचा भाव. चाळीस वर्षे मी हा दृष्टांत कीर्तनात सांगत आलो, माना डोलवून घेत आलो. त्यातला बांध म्हणजे काय हे मात्र २०१९ च्या कार्तिकात एका शेजाऱ्याने मला शिकवले. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

आमची घोटी म्हणजे भाताचे गाव. कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून आलात की मुंबई-आग्रा रस्त्यावर आमच्या भातगिरण्या लागतात. अंगणात उभे राहिले की कळसूबाईचे शिखर दिसते. आषाढ-श्रावणात इथे पाऊस असा कोसळतो की शेजारच्या घरची हाक ऐकू येत नाही. त्या पावसाची आमची तक्रार नाही. तो आहे म्हणून भात आहे. पण दसरा झाला की त्याने निरोप घ्यावा, ऊन पडावे, लोंब्या पिवळ्या व्हाव्या, दिवाळीच्या मागेपुढे विळा लागावा, हा क्रम. कापलेले भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवतात आणि मग खळ्यावर नेतात. वर्षाची सगळी मेहनत त्या दोन-तीन दिवसांत उघड्यावर पडलेली असते.

त्या वर्षी क्रम मोडला. मोसमी पावसाने परत फिरायला सुरुवात करायलाच ९ ऑक्टोबर उजाडला. एवढा उशीर तोवरच्या नोंदींत झालेला नव्हता. पुढे ऐन दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे वादळ उठले, आणि ते शमते न शमते तोच त्याच्या पाठीवर 'महा' नावाचे दुसरे. दोन्ही वादळे किनाऱ्यापासून दूरच राहिली, पण त्यांचे ढग आमच्या डोंगरांना येऊन भिडले. २७ तारखेला लक्ष्मीपूजन झाले. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी स्वच्छ ऊन पडले. साऱ्या शिवाराने त्या उन्हावर विश्वास ठेवला. आम्हीही ठेवला. घरची माणसे आणि चार मजूर लावून दोन खाचरे कापून पसरली. भाऊबीजेला दुपारी आभाळ भरले. तिसऱ्या दिवशी पहाटे काकडा चालू असताना पत्र्यावर थेंब वाजू लागले, आणि आरतीचे शब्द ऐकू येईनात.

चार दिवस तो थांबून थांबून पडत राहिला. दिवसा दोन तास उघडायचा, आशा लावायचा, आणि माणसे पेंढ्या उलटायला बांधावर गेली की पुन्हा उतरायचा. पहिल्याच रात्री मुलगा कंदील घेऊन शेतावरून आला. म्हणाला, "बाबा, खाचरात पाणी तुंबलंय. पेंढ्या तरंगताहेत. काय करू?" मी पांघरुणातूनच म्हटले, "बांध फोड. विचारतोस काय?" त्याने फोडला. आमचे पाणी निघून गेले.

पाणी निघून गेले ते कुठे गेले? आमची खाचरे उतारावर, पायऱ्या-पायऱ्यांची. वरच्याचा बांध फुटला की पाणी खालच्याच्या घरी. खाली कोणाचे शेत आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या घटकेला ते आठवले नाही. न आठवणे हेही एक कर्मच आहे, आणि त्याचा कर्ता मीच.

दुसऱ्या रात्री देवळात माझे कीर्तन. मंडळी ओल्या घोंगड्यांनी बसलेली. एकाने विचारले, "महाराज, कापल्या भातावर पाऊस का पाडतो देव? आमचं काय चुकलं?" मी आचार्यांचा आधार घेतला. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आळ येत नाही, हे सांगताना शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात पर्जन्याचाच दाखला घेतला आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच. एकाचे भात होते, दुसऱ्याचे जव होतात, तो फरक बीजाचा. तसा ईश्वर सर्वांना समान, आणि सुखदुःखाचा भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा. मी हे रंगवून सांगितले. शेवटी म्हणालो, "प्रारब्ध भोगून संपवावे, देवाला बोल लावू नये." मंडळी गप्प झाली. ती समाधान पावली असे मी समजलो.

सकाळी खालच्या खाचरातले शेजारी आले. माळकरी गृहस्थ, वयाने माझ्याहून वडील. पायरीवर बसले, चहा घेतला, आणि खिशातून मूठभर साळी काढून माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब फुटलेला. म्हणाले, "महाराज, रात्री तुम्ही बोललात ते मला पटलं. पाऊस पांडुरंगाचा. तुमच्यावर पडला तसाच माझ्यावर पडला. बीही एकच, तुमच्याकडूनच इंद्रायणी आणलेलं. मग माझ्या खाचरात वीतभर पाणी जास्ती उभं राहिलं, ते तुमच्या बांधातून आलं. ते कोणाच्या खात्यावर मांडायचं? देवाच्या, माझ्या प्रारब्धाच्या, का आणखी कोणाच्या?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचले असते.

सज्जन हो, लहानपणी पाठशाळेत सांख्यकारिका शिकताना गुरुजींनी तीन ताप पाठ करून घेतले होते. स्वतःच्या शरीर-मनापासून होतो तो आध्यात्मिक. इतर प्राण्यांपासून, म्हणजे माणसांपासूनही, होतो तो आधिभौतिक. ऊन, वारा, पाऊस, ग्रह ह्यांपासून होतो तो आधिदैविक. पाऊस आधिदैविक. बांध आधिभौतिक. एवढा भेद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. मी कीर्तनात दोन्ही एकाच नावाखाली घातले, आणि ते नाव ठेवले 'तुमचे प्रारब्ध'. शेजाऱ्याच्या दुःखात माझा जो वाटा होता, तो मी शास्त्राच्या पोटात लपवला. जाणूनबुजून नव्हे, पण लपवला खरा.

मग आचार्यांचा सिद्धांत खोटा का? मुळीच नाही. तो ईश्वराला निर्दोष ठरवण्यासाठी सांगितलेला आहे, मला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे. 'माझ्या वाट्याला आले ते माझे कर्म' असे जो स्वतःशी म्हणतो, त्याचे मन शांत होते, त्याचा अहंकार गळतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या भिजल्या भाताकडे बोट करून म्हटले की मन शांत होत नाही, कठोर होते. औषध तेच, पण ते ज्याने त्याने स्वतः घ्यायचे असते. शिवाय, त्याचे भिजणे जर त्याचे प्रारब्ध, तर त्याच्या बांधावर माझे धावून जाणे हे माझे क्रियमाण नव्हे काय? प्रारब्धाचा हिशेब माझ्या हाती नाही, क्रियमाणाचा आहे.

त्या दिवशी पोथी बांधून ठेवली. मुलगा, सुना, मी, सगळे खालच्या खाचरात उतरलो. फुटलेला बांध लिंपला आणि पाण्याला ओढ्याकडे वेगळा चर काढून दिला. तो चर आधीच काढता आला असता, तासाभराचे काम होते. पेंढ्या उचलून कुंपणावर, दगडांवर, गोठ्याच्या आढ्याला टांगल्या. पाहता पाहता आजूबाजूची माणसे सावडीला आली. जे वाचले ते निम्म्याच्या आत होते. आमच्या खळ्यावरचा वाटा त्यांच्या घरी पोचवला. तो त्यांनी उसना म्हणूनच घेतला. दरवर्षी सप्तमीला मी कार्तिकीसाठी निघतो. त्या वर्षी दशमीला एस. टी.ने गेलो आणि ८ नोव्हेंबरला एकादशीला कसाबसा कळसाला हात जोडला. नेम मोडला असे वाटले नाही.

पुढे पंचनामे झाले. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरिपाच्या पिकाला हेक्टरी ८,००० रुपये मदत जाहीर केली. आमच्या शिवारात कारण लिहिले गेले : अवकाळी पाऊस. ते खरेच. कागदात बांधाला रकाना नसतो. तो रकाना ज्याचा त्याने आपल्या मनात आखून घ्यायचा.

आता तर मला आणखी एक शंका छळते. हवामानशास्त्र जाणणारे सांगतात की माणसाने जाळलेल्या कोळशाच्या, तेलाच्या धुराने हवा आणि समुद्र तापत चालले आहेत, आणि तापलेला अरबी समुद्र वादळांना बळ देतो. असे असेल तर ज्याला आपण आधिदैविक म्हणून हात जोडतो, त्यातही कुठेतरी कोणीतरी वरच्या खाचरातला बांध फोडलेला आहे. मोठ्या शहरांचे, धनाढ्य देशांचे पाणी उतरत उतरत कोणा गरिबाच्या साळीत येऊन उभे राहते. तिथे माझा वाटा राईएवढा असेल. पण राईएवढा म्हणजे शून्य नव्हे.

भागवतातला दृष्टांत मी अजूनही सांगतो. बांध घट्ट ठेवावा, इंद्रिये आवरावीत. पण आता त्याला एक पुस्ती जोडतो. बांध फोडण्याची वेळ आलीच, तर कंदील घेऊन आधी खाली बघून यावे. आणि दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध हा शब्द ओठावर आलाच, तर तो गिळावा आणि विळा हातात घ्यावा.

ते शेजारी आजही माझ्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसतात. प्रारब्धाचा विषय निघाला की माझी नजर त्यांच्याकडे जाते. ते काही बोलत नाहीत, नुसते टाळ धरून बसतात. मी मात्र दोन शब्द कमी बोलतो.

रामकृष्णहरी.